साठीनंतर पहिल्यांदा ऑनलाइन येताना: काय झाकायचं आणि कुणावर भरवसा ठेवायचा

शिकवणीच्या पहिल्या दिवशी एका काकूंनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला. पुढच्या कॅमेऱ्यावर त्यांनी चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा कापून लावला होता, अगदी कडा नीट दाबून. "कोण कुठून बघत असेल, काय सांगावं," त्या म्हणाल्या. बोलता बोलता कळलं की तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी एका अनोळखी माणसाला फोनवर आलेले 6 आकडे वाचून दाखवले होते आणि त्यांचं खातं त्यांच्या हातून गेलं होतं. "फार अदबीनं बोलत होता गं तो. दोनदा 'आई' म्हणाला."

मी बरीच वर्षं ज्येष्ठांना मोबाईल शिकवते आहे आणि हेच चित्र मला जवळजवळ प्रत्येकाकडे दिसतं. यंत्रावर संशय, माणसाच्या आवाजावर विश्वास. यात मूर्खपणा मुळीच नाही. समोरच्याची नजर, बोलण्याची ढब, तो कुणाच्या ओळखीतून आला हे पाहून माणूस पारखायचा, असंच आपण आयुष्यभर केलं आणि ते बहुतेक वेळा बरोबर ठरलं. अडचण एवढीच की फोनवर नजर दिसत नाही, ओळख उसनी घेता येते आणि अदब तर कुणालाही येते. कॅमेऱ्यातून डोकावणारा माणूस अगदीच अशक्य नाही, पण लोकांची खाती आणि पैसे गेल्याचे जे प्रसंग मी पाहिले ते जवळजवळ सगळे गोड किंवा घाबरवणाऱ्या बोलण्यातून घडले होते.

म्हणून तुमचा संशय कमी करा असं मी म्हणणार नाही. तो चिकटपट्टीवर खर्च होतोय, तो उचलून योग्य जागी बसवायचा आहे. खालच्या पायऱ्या एका बैठकीत करू नका. एक करा, दोन दिवस जाऊ द्या, मग पुढची.

पहिली पायरी: फोन बाजूला ठेवा, कागद घ्या

खासगीपणा म्हणजे काय हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. आजार डॉक्टरांना सांगायचा, शिल्लक बँकेत विचारायची, घरातली कुरबुर फार तर एका मैत्रिणीपाशी काढायची. डॉक्टरांनी तुमचा आजार तुमच्या साहेबांना सांगितला असता, तर तुम्हाला तो विश्वासघात वाटला असता. हेलन निसेनबॉम या अभ्यासक बाईंनी 2004 मध्ये हेच सूत्र नीट मांडलं: माहिती ज्या नात्यात दिली त्या नात्याचे रिवाज सोडून ती भलतीकडे गेली की खासगीपणा मोडतो. तुम्ही हे सूत्र आधीपासूनच जगत आहात. आणि नवं यंत्र आलं की धास्ती वाटते, ती काही वयामुळे नाही. 1890 मध्ये सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन अमेरिकी वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला, तो झटपट फोटो काढणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांच्या आणि घराघरांत नाक खुपसणाऱ्या वर्तमानपत्रांच्या धसक्यानेच. तेव्हा दोघेही चाळिशीच्या आतले होते.

ऑनलाइन जगात या नात्यांमधल्या भिंती दिसत नाहीत, म्हणून त्या आपण कागदावर आखून घेऊ. चार रकाने करा: कुणालाही कळलं तरी चालेल, ओळखीच्यांना, फक्त घरच्यांना, कुणालाच नाही. आता एकेक गोष्ट तिच्या जागी लिहा. नाव, फोन नंबर, घराचा पत्ता, जन्मतारीख, आजार, औषधं, खाते क्रमांक, नातवंडांची शाळा, प्रवासाच्या तारखा.

दोन गोष्टींवर लोक हमखास अडतात. एक, जन्मतारीख. शुभेच्छा मिळाव्यात म्हणून आपण ती सगळ्यांना दिसेल अशी ठेवतो, पण अनेक ठिकाणी ओळख पटवायला हीच तारीख विचारतात. दिवस आणि महिना मित्रमंडळींना दिसू द्या, वर्ष लपवा. दुसरी, प्रवास. फोटो जरूर टाका, पण घरी परत आल्यावर.

'कुणालाच नाही' या रकान्यात पासवर्ड, पिन आणि ओटीपी (फोनवर संदेशातून येणारे, एकदाच चालणारे आकडे) हे तीन शब्द मोठ्या अक्षरांत लिहा. कुणालाच म्हणजे बँकेच्या माणसालाही नाही. खरी बँक हे तिन्ही फोनवर मागत नाही.

दुसरी पायरी: कुलपं, आणि ती वही

फोनला स्क्रीन लॉक लावा. बोटाचा ठसा वयामुळे पुसट होतो आणि फोन तो नाकारतो, अशी तक्रार मी नेहमी ऐकते. अशा वेळी त्याच बोटाचा ठसा दोनदा नोंदवा, किंवा अंगठ्याऐवजी दुसरं बोट वापरून बघा. तरी जमलं नाही तर 6 आकडी पिन ठेवा. जन्मसाल, लग्नाचं साल आणि 123456 सोडून काहीही.

पासवर्डबद्दल तुम्ही बहुधा असं ऐकलं असेल: मोठं अक्षर हवं, चिन्ह हवं, आकडा हवा, दर महिन्याला बदला आणि कुठेही लिहून ठेवू नका. एवढं ऐकून माणूस दमतो आणि सगळीकडे एकच पासवर्ड लावून मोकळा होतो. खरा धोका तिथे आहे. एखाद्या छोट्या वेबसाइटवरून तुमचा पासवर्ड चोरीला गेला, की चोर तोच पासवर्ड तुमच्या ईमेलवर आणि बँकेवर लावून बघतो. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने 2017 मध्ये आपली जुनी नियमावली बदलली आणि सांगितलं की लोकांवर चिन्हांची सक्ती करू नका, कारण नसताना पासवर्ड बदलायला लावू नका, लांब पासवर्ड वापरू द्या.

तेव्हा एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या. छत्री, शिट्टी, पायरी, ढग असे काहीतरी. इंग्रजी अक्षरांत सलग टाइप करा. हेच चार नकोत, ते आता इथे छापून आले. म्हण, श्लोक, गाण्याची ओळ किंवा नातवंडांची नावं नकोत, कारण ती दुसऱ्यालाही सुचतात.

आणि वहीत लिहिलं तर चालतं का, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी हळू आवाजात विचारला जातो. चालतं. दूर कुठेतरी बसलेला चोर तुमच्या कपाटातली वही वाचू शकत नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड आणि ते सगळे घरातल्या वहीत, हे सगळीकडे एकच पासवर्ड लक्षात ठेवण्यापेक्षा कितीतरी बरं. वही घराबाहेर न्यायची नाही, तिच्या पानांचा फोटो फोनमध्ये ठेवायचा नाही, आणि घरात बाहेरच्यांची वर्दळ असेल तर ती कुलपात. बँकेचा पिन मात्र वहीत लिहू नका.

सगळ्यांत भक्कम पासवर्ड ईमेलला लावा. इतर ठिकाणी 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की नवा पासवर्ड करण्याची लिंक ईमेलवरच येते. ज्याच्या हाती ईमेल, त्याच्या हाती बाकीची दारं.

'तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय', 'आईचं माहेरचं आडनाव काय' असे सुरक्षा-प्रश्न कुठे आले, तर खरं उत्तर द्यायलाच हवं असं नाही. एक आजोबा यावर फार अस्वस्थ झाले होते, "खोटं कसं लिहू?" म्हणाले. सरकारी किंवा बँकेच्या अर्जात ओळख म्हणून विचारलं असेल तर खरंच लिहायचं. पण वेबसाइटवरचा हा प्रश्न म्हणजे नुसतं आणखी एक कुलूप असतं. तुमची शाळा तुमच्या जुन्या वर्गमित्रांनाही माहीत आहे. तिथे काहीही लिहा आणि ते वहीत टिपून ठेवा.

तिसरी पायरी: 6 आकड्यांचं काम समजून घ्या

ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी किल्ली. तुम्ही स्वतः कुठेतरी दार ठोठावलं की ती तुमच्या फोनवर येते आणि तुम्ही स्वतः ती त्याच दारात लावायची. तुम्ही काहीच केलं नसताना ओटीपी आला, तर दुसरं कुणीतरी तुमच्या दाराशी उभं आहे आणि त्याला फक्त किल्ली हवी आहे. आकडे कुणालाही न सांगता संदेश तसाच पडू द्या, दार बंदच राहतं. ओटीपीच्या संदेशात बहुतेकदा तो कशासाठी आहे हेही लिहिलेलं असतं. आपण आकडे शोधतो आणि वरची ओळ सोडतो. ती आधी वाचायची सवय लावा.

व्हॉट्सॲपवर हा डाव ओळखीच्या नावाने येतो. जुन्या मैत्रिणीचा संदेश: "अगं, चुकून माझा कोड तुझ्या नंबरवर गेलाय, जरा पाठव ना." संदेश तिच्याच खात्यावरून, फोटोही तिचाच. पण तिचं खातं आधीच गेलेलं असतं आणि तुमच्याकडे आलेला कोड तुमच्याच खात्याचा असतो. तुम्ही तो पाठवलात की चोर तुमच्या नावाने तुमच्या मैत्रिणींकडे जातो.

यावर उपाय दोन मिनिटांचा आहे, आत्ताच करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये जा, अकाउंट उघडा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. तिथे स्वतःचा 6 आकडी पिन ठरवा आणि तुमचा ईमेल द्या. आता कोड हाती लागला तरी पिनशिवाय तुमचं खातं दुसऱ्याला स्वतःच्या फोनवर सुरू करता येणार नाही. ॲप अधूनमधून हा पिन विचारतं, तुम्ही विसरू नये म्हणून. त्याला घाबरू नका. व्हॉट्सॲपमध्येच 'लिंक्ड डिव्हाइसेस' नावाची यादी आहे, तुमचं खातं आणखी कुठल्या यंत्रांवर चालू आहे ते दाखवणारी, तीही बघा. ओळखीचं नसलेलं यंत्र दिसलं तर त्यावर बोट ठेवून लॉग आउट करा.

चौथी पायरी: आवाजाला ना म्हणायला शिका

या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्या. आधीच्या सगळ्या कुलपांची किल्ली आपण आपल्याच तोंडाने देऊन टाकतो, ती इथे.

फोनच्या पडद्यावर जो नंबर किंवा नाव दिसतं तो पुरावा नाही. दुसऱ्याचा नंबर दिसेल असा फोन लावता येतो. नाव, पत्ता, खात्याचे शेवटचे चार आकडे समोरच्याने बरोबर सांगितले, म्हणजे तो खरा, असंही नाही. ही माहिती चोरीला गेलेल्या याद्यांमध्ये मिळते. आणि आता आवाजही पुरावा राहिलेला नाही. माणसाच्या बोलण्याचा छोटासा तुकडा मिळाला तर संगणक त्याच्यासारखा आवाज काढतो. घरातल्या माणसाच्या नकली आवाजात 'मी अडचणीत आहे, पैसे पाठवा' असे फोन येत असल्याचा इशारा फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने मार्च 2023 मध्येच दिला होता.

मग ओळखायचं कसं? आवाजावरून ओळखायचा प्रयत्न सोडून द्या. मागणी काय आहे ते बघा. घाई आणि गुपित या दोन गोष्टी एकत्र आल्या की थांबायचं. "दहा मिनिटांत केलं नाही तर खातं बंद होईल." "अटकेची कारवाई होईल." "फोन चालू ठेवा, कुणाशी बोलू नका, घरच्यांना सांगू नका." खऱ्या बँकेला, खऱ्या पोलिसांना, खऱ्या नातवाला तुम्ही घरात विचारून परत फोन केलात तर काही बिघडत नाही. तुम्ही कुणाला विचारू नये यात ज्याचा फायदा आहे, तोच तुम्हाला एकटं पाडतो.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना हे सगळं ऐकून पटतं. तरी फोन आल्यावर जमत नाही, कारण मधेच फोन ठेवणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं. ही भिडस्त पिढी आहे. दाराशी आलेल्याला आधी पाणी विचारणारी माणसं, 'ठेवते' एवढं म्हणायलाही त्यांची जीभ रेटत नाही. म्हणून मी वाक्यं पाठ करून घेते, मोठ्याने, तीन-तीनदा.

"मी फोनवर असली माहिती देत नाही. मी स्वतः कार्यालयात फोन करीन."

"आत्ता मला जमणार नाही. नमस्कार."

पहिलं वाक्य बोलून झालं की उत्तराची वाट न बघता फोन ठेवायचा. समोरचा खरा असेल तर त्याला राग येत नाही, त्याला रोज असं ऐकायची सवय असते. घरात कुणाला तरी चोर बनवा आणि खरोखर फोन लावून सराव करा. त्या काकूंचा सराव मी शेजारच्या खोलीतून घेतला. पहिल्या दोन वेळा त्यांनी मला स्वतःची चौकशी करू दिली, मुलं किती हेही सांगितलं. तिसऱ्या वेळी मी "आई, ऐका तरी" म्हटलं आणि फोन खट्टकन बंद झाला. बाहेर आले तर त्या घामेजल्या होत्या, पण हसत होत्या.

फोन ठेवल्यावर परत फोन करायचा तो आलेल्या नंबरवर करू नका. कार्डाच्या मागे, पासबुकावर किंवा जुन्या बिलावर छापलेला नंबर घ्या. इंटरनेटवर ग्राहक सेवेचा नंबर शोधू नका. वर दिसणारं पहिलं उत्तर पैसे देऊन टाकलेली जाहिरात असू शकतं, आणि फसवणारे आपले नंबर 'ग्राहक सेवा' म्हणून पेरून ठेवतात. हे लागणारे चार-पाच नंबर आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

घरच्यांबरोबर एक खुणेचा शब्दही ठरवा. पैशाची किंवा संकटाची मागणी आली की तो शब्द विचारायचा. तो कुठेही टाइप करू नका, समोरासमोर बसून ठरवा. नातवंडांना हे फार आवडतं आणि त्यांनाही त्याचा उपयोग होतो.

आणखी एक गोष्ट, याला अपवाद नाही. फोनवरच्या माणसाने 'हे ॲप घ्या, मी इथून दुरुस्त करून देतो' किंवा 'स्क्रीन शेअर करा' असं म्हटलं तर फोन ठेवायचा. अशा ॲपने तुमचा पडदा त्याला दिसतो, कधी कधी तो चालवताही येतो. मग ओटीपी सांगायचीही गरज उरत नाही.

पाचवी पायरी: पत्ता वाचा, कुलूप नको

वेबसाइटच्या पत्त्याशेजारी छोटं कुलूप दिसलं की जागा सुरक्षित, असं पूर्वी शिकवायचे. मीही शिकवलं आहे. त्या कुलपाचा अर्थ इतकाच की तुमच्या फोनपासून त्या वेबसाइटपर्यंत जाणारी माहिती वाटेत कुणाला वाचता येत नाही. पलीकडे कोण बसलंय याबद्दल ते काही सांगत नाही, आणि आज फसव्या वेबसाइट्सनाही ते सहज मिळतं. लोकांची ही गैरसमजूत होते म्हणूनच गूगलने 2023 मध्ये क्रोम ब्राउझरमधलं ते चिन्ह काढून दुसरं लावलं.

त्यापेक्षा पत्ता वाचायला शिका. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपर्यंत (/) जायचं, तिथून उलट डावीकडे यायचं. शेवटचा तुकडा कॉम, ऑर्ग असा काहीतरी असतो, त्याच्या अगोदरचं नाव म्हणजे खरा मालक. 'माझीबँक.कॉम' हे बँकेचं. 'माझीबँक.मदतकक्ष.कॉम' हे मात्र 'मदतकक्ष' नावाच्या कुणाचं तरी, बँकेचं नाव पुढे नुसतं चिकटवलेलं. काही देशांत शेवट दोन तुकड्यांचा असतो, तेव्हा त्या दोन्हींच्या अगोदरचं नाव बघायचं. हे सुरुवातीला अवघड जातं. चश्मा लावा, पडदा मोठा करा, आणि तरीही शंका राहिली तर एकच करा: संदेशातल्या लिंकवरून कधीच जाऊ नका. पत्ता स्वतः टाइप करा किंवा आधी घेतलेलं अधिकृत ॲप उघडा.

ओळखीच्या माणसाने पाठवलं म्हणून लिंक किंवा बातमी खरी ठरत नाही, कारण त्यानेही ती दुसऱ्या ओळखीच्याकडूनच घेतलेली असते. 2019 मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 2016 च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात फेसबुकवर 65 वर्षांवरच्या लोकांनी सर्वांत तरुण गटाच्या जवळजवळ सातपट खोट्या बातम्या पुढे पाठवल्या होत्या. त्याच अभ्यासात हेही दिसलं की बहुसंख्य लोकांनी अशी एकही बातमी पाठवली नव्हती. हे दुसरं वाक्य लोक सांगायचं विसरतात, आणि ज्येष्ठांच्या माथी सरसकट भोळेपणाचा शिक्का बसतो. पुढे पाठवण्याआधी पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: "हे तुला कुठून मिळालं?" उत्तर 'आलं होतं कुठूनतरी' असं असेल तर तिथेच थांबवा.

सहावी पायरी: परवानग्या

ही छोटी आहे. ॲप उघडल्यावर ते संपर्क, ठिकाण, मायक्रोफोन, कॅमेरा मागतं. स्वतःला विचारा, या कामाला हे लागतं का? नकाशाला ठिकाण लागतं. टॉर्चला लागत नाही. 2013 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने एका टॉर्चच्या ॲपवर कारवाई केली होती, कारण ते वापरणाऱ्यांचं ठिकाण न सांगता जाहिरातवाल्यांना पुरवत होतं.

शंका असेल तेव्हा 'नाही' दाबा. काही बिघडणार नाही. खरंच गरज असली तर ॲप पुन्हा विचारेल, किंवा तुम्ही सेटिंग्जमधून नंतर परवानगी देऊ शकता. नव्या फोनमध्ये 'फक्त या वेळी' असाही पर्याय असतो. कॅमेऱ्याची भीती वाटणाऱ्या काकूंना मी हेच दाखवलं: सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग कॅमेरा वापरणाऱ्या ॲपची यादी. त्यांनी एकेक ॲप वाचून सात ठिकाणी 'नाही' केलं. चिकटपट्टी मी काढायला लावली नाही.

सातवी पायरी: आपल्याच माणसांपासूनचा खासगीपणा

याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, मला मात्र हे फार महत्त्वाचं वाटतं. मदत करायला आलेला मुलगा किंवा सून फोन हातातून घेते, भराभर बोटं चालवते आणि "झालं" म्हणून परत देते. पासवर्ड तिनेच ठेवलेला, ईमेल तिचाच, संदेश वाचले गेले ते वेगळंच. हेतू चांगला असतो. पण सत्तर वर्षांच्या माणसालाही मैत्रिणीशी बोललेलं, डॉक्टरांना विचारलेलं, स्वतःच्या पैशाबद्दल ठरवलेलं स्वतःपाशी ठेवायचा हक्क आहे. ज्यांचा फोन सतत दुसऱ्याच्या हातात असतो ती माणसं काही चुकलं तर ते लपवू लागतात, हे मी पुनःपुन्हा पाहिलं आहे.

मदत मागताना असं म्हणा: "तू करू नकोस, मला दाखव. फोन माझ्याच हातात राहू दे." घरातला एकच शांत माणूस मदतनीस म्हणून निवडा, सगळ्यांत हुशार असायची गरज नाही, न चिडणारा हवा. पासवर्ड टाकायची वेळ आली की त्याला बाजूला बघायला सांगा. यात अविश्वास नाही. मुलांनो, तुम्ही हे वाचत असाल तर आपणहून तोंड फिरवा.

उलटही तितकंच खरं. नातवंडांचे फोटो टाकण्याआधी त्यांच्या आईवडिलांना विचारा, आणि मूल मोठं असेल तर त्यालाही. शाळेच्या गणवेशातला फोटो म्हणजे शाळेचा पत्ताच. दुसऱ्याचं आजारपण किंवा निधन गटावर तुम्ही पहिल्यांदा जाहीर करू नका, ते घरच्यांना करू द्या. मोठ्या गटात तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो हेही लक्षात असू द्या. प्रोफाइलचा फोटो आणि स्टेटस 'माय कॉन्टॅक्ट्स' पुरतं ठेवा.

आपल्यामागे या खात्यांचं काय, हा विषय निघाला की बरेच जण आपणहूनच बोलू लागतात, मुलंच तो टाळतात. गूगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे: ठराविक महिने खातं वापरलं गेलं नाही तर काय कुणाला मिळावं, की सगळं पुसावं, हे तुम्ही ठरवू शकता. ॲपलच्या फोनमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे, म्हणजे आपल्यामागे खातं कुणाला बघता यावं ते माणूस तिथे नेमून ठेवता येतं. त्यामुळे आजच कुणाला पासवर्ड देऊन ठेवायची गरज उरत नाही.

घडलंच तर

क्रम लक्षात ठेवा, बाकी नंतर. पैसे गेले असतील तर सगळ्यांत आधी बँकेला छापील नंबरवर फोन करून कार्ड आणि खातं गोठवायला सांगा, इथे मिनिटांना किंमत असते. समोरच्याने काही ॲप घ्यायला लावलं असेल तर फोनचं इंटरनेट बंद करा आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा. मग ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या सुरक्षित यंत्रावरून बदला आणि 'सगळीकडून लॉग आउट' करा. त्यानंतर पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार. संदेश, नंबर, पावत्या काही पुसू नका, नकोसं वाटलं तरी ठेवा. व्हॉट्सॲप गेलं असेल तर ओळखीच्यांना दुसऱ्या फोनवरून कळवा की माझ्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका.

काही दिवसांनी 'तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा' असा फोन येऊ शकतो. फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात. तोही चोरच.

आणि घरात सांगा, त्याच दिवशी. लाज वाटते म्हणून आठवडा जातो आणि तेवढ्यात दुसरं खातं रिकामं होतं. फेडरल ट्रेड कमिशनकडे येणाऱ्या तक्रारींत वर्षानुवर्षं एक गोष्ट दिसते: तक्रार करणाऱ्यांत पैसे गमावल्याचं तरुण लोक ज्येष्ठांपेक्षा जास्त वेळा सांगतात. ज्येष्ठांचे एका वेळी जास्त जातात, कारण त्यांच्याकडे साठवलेलं जास्त असतं. तेव्हा "या वयात कशाला हवा होता फोन" असं कुणी म्हणालं तर त्यांना ही ओळ वाचून दाखवा.

काकूंनी त्यांच्या खात्याबद्दल मुलाला अजून सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर त्याला फोन लावला, खुणेचा शब्द ठरवायचा म्हणून, आणि मग तेही सांगून टाकलं. बँकेचे आणि त्याचा असे पाच नंबर त्यांनी ठळक अक्षरांत एका कागदावर लिहिले. तो कागद त्या फोनच्या कव्हरमध्ये सरकवायला निघाल्या होत्या, मी तो दाराशेजारच्या भिंतीवर लावायला सांगितला, म्हणजे फोन हरवला तरी नंबर घरात राहतील. चिकटपट्टीची गुंडाळी त्यांच्या पर्समध्येच होती.